जुना लोखंडी घोडा-ट्रेलर : आधी खाली वाकून बघा

विकायला काढलेल्या जुन्या घोडा-ट्रेलरला सगळ्यात आधी काय मिळत असेल, तर रंगाचा नवा हात. अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस अशा घोड्यांच्या मुलखात रस्त्याकडेला पाटी लावून उभे केलेले दोन घोड्यांचे लोखंडी ट्रेलर नेहमी दिसतात. बाहेरून पांढरेशुभ्र, चाकांवर चंदेरी रंग, आणि किंमत नव्या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरच्या मानाने अगदीच थोडी. अशा ट्रेलरबद्दल माझं मत चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोखंड सडतं, पण सडताना दिसतं. हातोडी मारली तर आवाजातून कळतं. आणि जवळच्या कुठल्याही वेल्डरकडे दुरुस्त होतं. ॲल्युमिनियम लाल गंज धरत नाही हे खरं, पण वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी त्याला बारीक भेगा जातात, आणि ते नीट जोडणारा कारागीर सहज मिळत नाही. मात्र लोखंडाचा हा गुण खाली वाकून पाहणाऱ्याच्याच उपयोगाचा. उभ्याने पाहणाऱ्याला रंगच दिसतो.

आपल्याकडे घोडा रस्त्याने जातो तो ट्रकमधून, नाहीतर खास बांधलेल्या बंद गाडीतून. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात येणारी जनावरं काय किंवा हंगाम बदलला की महालक्ष्मीहून पुण्याच्या रेसकोर्सवर जाणारे शर्यतीचे घोडे काय, गाडीमागे ट्रेलर जोडून न्यायची पद्धत आपल्यात रुळली नाही. घोड्याला चालवत न नेता गाडीत घालून न्यावं ही युक्ती गाजली १८३६ साली, इंग्लंडात. सतीबंदी करणाऱ्या लॉर्ड विल्यम बेंटिंकचा पुतण्या लॉर्ड जॉर्ज बेंटिंक हा शर्यतींचा मोठा शौकीन. सेंट लेजरची शर्यत तोंडावर आली तरी त्याचा एलिस हा घोडा दक्षिणेत गुडवुडलाच होता. एवढ्या दिवसांत तो डॉन्कास्टरपर्यंत चालत पोचणं शक्य नाही, असा सट्टेवाल्यांचा हिशेब. बेंटिंकने सहा घोड्यांनी ओढलेल्या बंद गाडीतून त्याला नेलं. एलिस ताजातवाना उतरला आणि शर्यत जिंकला. अमेरिकेत पुढे पिकअप ट्रक घरोघरी आला, तसा त्याच्यामागे जोडायचा छोटा ट्रेलरही आला.

जुन्या ट्रेलरची बांधणी साधी असते. खाली चॅनलची किंवा अँगलची चौकट. तिच्यात फूट-सव्वा फुटावर आडवे अँगल. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने लाकडी फळ्या आणि फळ्यांवर जाड रबरी मॅट. पुढे निमुळता होत गेलेला त्रिकोणी दांडा, त्याच्या टोकाला गाडीशी जोडायचा कपलर. आत मधोमध आडभिंत, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक घोडा तोंड पुढे करून उभा. तोंडासमोर लोखंडी गव्हाण, मागे साखळी नाहीतर आडवा दांडा. खाली दोन आस, चार चाकं. रिकामा ट्रेलर साधारण अडीच ते तीन हजार पौंडांचा भरतो.

पाहणी सुरू करायची मॅट बाहेर काढून. विकणारा म्हणाला, ‘कशाला हात घाण करता’, तर नक्की काढायच्या. पाऊण इंच जाडीची, चार बाय सहा फुटांची मॅट जवळजवळ शंभर पौंडांची, म्हणजे पंचेचाळीस किलोची असते. ती कोणी रोज उचलत नाही, आणि नेमकं म्हणूनच खालचं लाकूड कुजतं. घोड्याचं मूत्र फटींतून खाली झिरपतं. त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, क्षार मागे राहतात, आणि ते क्षार हवेतला ओलावा धरून बसतात. मॅटखाली ना ऊन ना वारा. महिनोन्महिने ओल तशीच राहते.

हातात एक जाडसर स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा आणि प्रत्येक फळी टोचून बघायची, आधी वरून आणि मग ट्रेलरखाली आडवं होऊन खालून. निरोगी लाकडात टोक घुसत नाही. सडक्या लाकडात ते मुकाट्याने आत जातं. फळीचा मधला भाग ठणठणीत आणि दोन्ही टोकं भुसभुशीत, हे चित्र फार वेळा दिसतं. कारण टोकं पुढच्या-मागच्या चॅनलच्या खाचेत अडकवलेली असतात आणि पाणी तिथेच साचतं. फळी जिथे आडव्या अँगलवर टेकते तिथेही तसंच. वर लाकूड कुजतं, खाली अँगल गंजतो, आणि दोघांच्या मधला थर खालून पाहिल्याशिवाय नजरेला पडत नाही. एवढा खटाटोप का, ते घोडेवाल्यांना सांगावं लागत नाही. हजार-बाराशे पौंडांचं जनावर चालत्या ट्रेलरमध्ये सतत तोल सावरत असतं. एक फळी मोडली की पाय थेट रस्त्यावर, आणि पुढे बसलेल्या चालकाला पत्ताही नसतो.

फळ्या बदलणं हे या सगळ्या कामातलं सोपं काम आहे. सुतारकामाची थोडी सवय असलेल्या माणसाला ते सुट्टीत जमतं. प्लायवूड मात्र वापरू नये; त्याच्या थरांत मूत्र शिरलं की ते सुटतात, आणि निचरा तर होतच नाही. तिकडे बहुधा औषधी प्रक्रिया केलेल्या पाइनच्या ‘टू बाय एट’ फळ्या घालतात. नावाला दोन इंच बाय आठ इंच, प्रत्यक्षात दीड इंच बाय सव्वासात. यात एक मेख आहे. २००४पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिक असलेलं जुनं औषध मागे पडलं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेली औषधं आली. ओलाव्यात तांबं आणि लोखंड शेजारी आले की लोखंड झिजतं, ॲल्युमिनियम तर आणखी लवकर. म्हणून अशी फळी उघड्या अँगलवर थेट ठेवायची नाही. अँगल घासून, प्रायमर आणि रंग देऊन, त्यावर डांबरी पट्टी चिकटवायची आणि मग फळी. बोल्ट गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे. फळ्यांमध्ये निचऱ्यापुरती पाव इंचाची फट हवी; पण दुकानातून आणलेलं लाकूड ओलं असेल तर फळ्या लगत बसवाव्यात, सुकल्या की फट आपोआप पडते. जुने टायर आणि प्लॅस्टिक यांपासून बनवलेल्या ‘रंबर’ फळ्याही मिळतात. त्या कुजत नाहीत, पण जड असतात आणि लाकडापेक्षा जास्त वाकतात, तेव्हा खालचे अँगल जवळजवळ लागतात.

लाकडानंतर लोखंड. गंज पाहून घाबरण्याचं कारण नाही. गंज कुठे आहे आणि किती खोल आहे ते पाहायचं. पत्र्यावर आलेला तांबूस थर म्हणजे फक्त रंग गेला आहे. पोपडे सुटत असतील तर जाडी कमी झाली आहे. हातोडीच्या टोल्याला टण्‌ ऐवजी भद्द आवाज येत असेल, तर तिथे लोखंड उरलेलं नाही, रंगाने धरून ठेवलं आहे. दारांचे खालचे कोपरे, चाकांवरची मडगार्डं, गव्हाणीखालची खबदाड, छताचे सांधे आणि आडव्या अँगलची टोकं या नेहमीच्या जागा. चौकोनी पाइपची चौकट असेल तर तिच्या तळाची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतात, पाइप आतून पाण्याने भरतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. ती भोकं तारेने मोकळी करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. उत्तरेकडच्या बर्फाच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडचा दहा वर्षांचा ट्रेलर कधीकधी ॲरिझोनातल्या तीस वर्षांच्या ट्रेलरहून वाईट निघतो. ट्रेलरचं वय कागदावर पाहावंच, पण तो कुठे राहिला हे आधी विचारावं.

वरवरच्या गंजाला तारेच्या चकतीने घासायचं, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावायचं, ते वाळून काळपट थर आला की इपॉक्सी प्रायमर आणि रंग. पोपडे न खरवडता लावलेला कितीही महागडा रंग दोन पावसाळ्यांत सोलून येतो. घासताना तोंडावर चांगला मास्क हवा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासलेला चुरा गोळा करून टाकावा, घोडे लाकूड-लोखंड चाटतात.

जाडी गेलेली असेल तिथे नवा अँगल वेल्ड करावा लागतो, आणि इथे थोडं थांबून चार गोष्टी पाहून घ्याव्यात. ट्रेलरवरची बॅटरी आधी सोडवायची. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा. तो दुसऱ्या टोकाला लावला तर करंट चाकांच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यांच्यावर ठिणग्यांचे डाग पडतात. आत साठलेली गवताची धूळ झाडून टाकायची, कारण ती भुरभुर पेटते. चौथी गोष्ट जस्ताची. बऱ्याच ट्रेलरांचा पत्रा जस्त चढवलेला असतो, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आपल्याकडे धुळीच्या कामावर गूळ खातात, तिकडचे जुने वेल्डर दूध पितात. दोन्हींवर विसंबू नये. जोडाच्या जागचं जस्त आधी ग्राइंडरने काढून टाकावं आणि काम उघड्यावर करावं.

आता चाकं. दोन घोड्यांच्या ट्रेलरला बहुधा ३,५०० पौंडांचे दोन आस असतात, म्हणजे ट्रेलर आणि माल मिळून ७,००० पौंडांची, सुमारे ३,१७५ किलोंची मर्यादा. पाट्यांची स्प्रिंग असेल तर पाट्यांना धरणारे शॅकल, दोन पाट्यांमधला इक्वलायझर आणि त्यांचे बुश तपासायचे. बोल्टची भोकं लांबट झाली असतील तर बदलायला सोपं आणि स्वस्त. रबराचे दोर आत कोंबलेला टॉर्शन आस असेल तर मात्र दुरुस्ती नाही. रबर म्हातारं होऊन ट्रेलर बसला की अख्खा आस बदलायचा.

बेअरिंग हा कंटाळवाणा विषय आहे, आणि रस्त्याकडेला चाक निखळून पडलेला ट्रेलर दिसतो तो बहुधा या कंटाळ्याचा परिणाम. दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी, जे आधी होईल तेव्हा, बेअरिंग काढून ग्रीस भरायचं असं आस बनवणारे सांगतात. ट्रेलर वर्षभर जागचा हलला नाही तरीसुद्धा. कारण उभ्या ट्रेलरमध्ये ओल धरून खालच्या बाजूचे रोलर गंजतात. जॅक नेहमी चौकटीला लावायचा, आसाला नाही. टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, नट सोडवा, हब बाहेर ओढा. रॉकेलने बेअरिंग स्वच्छ धुवा आणि वाळवा, पण कंप्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. रोलर उडून डोळ्यात जाऊ शकतो. रोलरवर खड्डे दिसले किंवा निळसर झाक दिसली, तर बेअरिंग आणि हबमधली त्याची वाटी दोन्ही नवीन. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, ते वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. ऑइल सील दरवेळी नवीन. बसवताना हब हाताने फिरवत नट सुमारे ५० फूट-पौंडांपर्यंत आवळायचा, मग पूर्ण ढिला करायचा, मग नुसत्या बोटांनी आवळून पिन घालायची. जास्त आवळलेलं बेअरिंग ढिल्यापेक्षा लवकर जळतं. काही आसांना बाहेरूनच ग्रीस भरायची सोय असते. ती चांगली आहे, पण बंदुकीने भसाभस ग्रीस मारलं की ते मागच्या सीलमधून निसटून ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि ग्रीस लागलेला लायनर फेकूनच द्यावा लागतो.

ब्रेकची रचना मोठी सुंदर आहे. प्रत्येक ड्रममध्ये विजेवर चालणारा एक चुंबक असतो. चालकाने पाय दाबला की पिकअपमधला कंट्रोलर त्याला वीज देतो. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्या ओढीने एक तरफ लायनरना ड्रमवर दाबते. म्हणजे वीज फक्त इशारा देते. दाबायचं बळ ट्रेलरच्या स्वतःच्या गतीतून येतं. प्रत्येक चुंबक साधारण ३ अँपिअर ओढतो. चार चाकांना ब्रेक असतील तर मीटरवर १२च्या आसपास आकडा दिसायला हवा. नऊ दिसला तर एक चुंबक मेला आहे किंवा त्याची तार तुटली आहे. दोन चाकांमधली तार पुष्कळदा आसाच्या पोकळ नळीतून ओढलेली असते, हादऱ्यांनी तिचं आवरण घासून निघतं आणि बाहेरून काही दिसत नाही. मी तर अशी तार सापडली की नळीतली सोडून देऊन आसाच्या पाठीवरून नवी बांधायचा सल्ला देतो. जुन्या ब्रेकांना आपोआप जुळवून घ्यायची सोय नसते. दर ३,००० मैलांच्या सुमारास मागच्या खाचेतून दातेरी चाक फिरवून लायनर जवळ आणावे लागतात.

ट्रेलर चालता चालता गाडीपासून सुटलाच, तर त्याने स्वतःच थांबावं यासाठी दांड्यावर एक छोटी बॅटरी आणि खिळीचा स्विच असतो. गाडीला बांधलेली तार खिळी ओढून काढते आणि बॅटरी ब्रेक लावते. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत हे ब्रेक किमान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं मोजमाप दिलेलं आहे. जुन्या ट्रेलरवर ही बॅटरी असते, पण बहुधा मेलेली. खिळी ओढा, ट्रेलर पुढे ओढून बघा. चाकं अडली नाहीत तर नवी बॅटरी घ्या.

टायरबद्दल थोडक्यात. ट्रेलरचे टायर घासून नव्हे, वय होऊन मरतात. नक्षी नवी दिसते, पण बाजूच्या रबराला भेगा गेलेल्या असतात. बाजूवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदलावेत. आकाराच्या आधी ‘एसटी’ ही ट्रेलरची खूण हवी. मोटारीचे जुने टायर चढवलेले ट्रेलर पुष्कळ भेटतात. चाक बसवल्यावर नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळायचे.

कपलरमध्ये एक फसवी गोष्ट आहे. गाडीच्या मागचा गोळा पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, दोन इंच किंवा २-५/१६ इंच अशा तीन मापांत मिळतो. मोठ्या मापाच्या कपलरमध्ये दोन इंचाचा गोळा छान बसल्यासारखा वाटतो, खटका पण लागतो, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यावर ट्रेलर उडून सुटतो. माप कपलरवर आणि गोळ्यावर कोरलेलं असतं, ते वाचायचं. दोन्ही साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे दांडा सुटला तरी झोळीत पडतो. दिवे लुकलुकत असतील किंवा डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू मिणमिणत असतील, तर बल्ब बदलण्यात वेळ घालवू नये. दोष जवळजवळ नेहमी अर्थिंगचा असतो. जुन्या ट्रेलरांत चौकटच अर्थ म्हणून वापरलेली असते, आणि गंजातून वीज जात नाही. पांढरी तार प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी न्यावी.

एवढं झालं की मग बदल करण्याचा विचार. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात: आधी खिडक्या, रंग, कपाटं, आणि शेवटी पैसे संपल्यावर ब्रेक.

कुठल्याही बदलाआधी वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. रिकामा ट्रेलर २,८०० पौंड. दोन घोडे प्रत्येकी १,१०० म्हणजे २,२००. खोगिरं, गवत, पाणी मिळून ४००. झाले ५,४००. मर्यादा ७,००० असेल तर हातात १,६०० उरले, आणि तेही आस, टायर, कपलर व ओढणारी गाडी सगळे त्या मापाचे असतील तर. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर यायला हवा. इथे तो ५४० ते ८१० पौंड. यापेक्षा कमी आला, म्हणजे मागचा भाग जड झाला, तर वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो. पुढच्या टोकाला कपाटं आणि पाण्याची टाकी ठेवली तर उलटं होतं, गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी पडतात.

घोड्यांसाठीच ठेवायचा असेल, तर माझ्या मते सर्वांत उपयोगी बदल सर्वांत स्वस्त आहे. जुन्या ट्रेलरांत मधली आडभिंत जमिनीपर्यंत भरीव असते. वळणावर घोडा तोल सांभाळायला पाय फाकवतो. भिंत आड आली की तो घाबरून भिंतीवर पाय मारत धडपडतो, आणि मालक म्हणतो घोडा वाईट आहे. आडभिंतीचा खालचा अर्धा भाग कापून तिथे जाड रबराचा पडदा लोंबता ठेवला, की पायांना जागा मिळते आणि शेजारच्याची टापही लागत नाही. घोडी आणि शिंगरू न्यायचं असेल तर आडभिंत संपूर्ण काढता येईल अशी करावी. पण ती कशाला धरून उभी आहे ते आधी पाहावं. बऱ्याच ट्रेलरांत मागचा मधला खांब छताचाही भार घेतो आणि दारांची कडीही त्यालाच लागते. तो कापायचा असेल तर वर आडवा मजबूत पाइप बसवून मगच.

उंचीचं मात्र काही करता येत नाही. जुने ट्रेलर सहा-साडेसहा फूट उंच असत, तिथल्या बुटक्या-मजबूत क्वार्टर हॉर्सच्या मापाने. उंच थरोब्रेड त्यात मान खाली घालून उभा राहतो. छत उचलणं म्हणजे नवा ट्रेलर बांधणं. तो खर्च करू नये. तसंच सरळ उभ्या रचनेचा पाच फूट रुंदीचा ट्रेलर तिरक्या रचनेचा करायचा मोहही टाळावा, तेवढ्या रुंदीत मोठा घोडा तिरका मावत नाही. त्यापेक्षा आतून पांढरा रंग, छताला हवेचे झरोके आणि दोन सरकत्या खिडक्या यांचा फायदा जास्त. घोड्याच्या डोळ्याला उजेडातून अंधारात सरावायला वेळ लागतो. काळोख्या खोक्यात चढायला तो नकार देतो यात त्याचं काही चुकत नाही.

घोडेच नकोत, कॉफीची गाडी किंवा रात्र काढायची खोली हवी, अशांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना खिडकीची. या ट्रेलरचा बाजूचा पत्रा नुसता आडोसा नाही, चौकटीला ताठ ठेवायचं काम तो करतो. विक्रीच्या खिडकीसाठी आठ फूट पत्रा कापला की बाजू वाकायला लागते आणि दार लागेनासं होतं. आधी आतून चौकोनी पाइपची पूर्ण चौकट वेल्ड करायची, मग पत्रा कापायचा. दुसरी गोष्ट दमटपणाची. एकेरी पत्र्याच्या आत माणूस झोपला की पहाटे छतातून पाणी ठिबकतं. त्यावर काचेच्या लोकरीचं अस्तर घातलं तर ती लोकर ते पाणी पत्र्याला लावून धरते आणि ट्रेलर आतून, न दिसता, सडतो. बंद पेशींचा फोम पत्र्याला चिकटून बसतो, तोच वापरावा. आणि जुनी जमीन, मॅट, फळ्या सगळं काढून टाकायचं. मूत्र मुरलेल्या लाकडाचा वास कुठल्याही वार्निशखाली दबत नाही, ऊन तापलं की गिऱ्हाइकाला येतो.

पहिली चाचणी रिकाम्या ट्रेलरची घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या वेगाला कंट्रोलरची हातातली दांडी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून पाहावेत. गाडी मागून धरून ठेवल्यासारखी मंदावली पाहिजे. थोडं अंतर जाऊन प्रत्येक हबला हात लावावा. कोमट चालेल, चटका बसला तर बेअरिंग पुन्हा उघडा. मग खाद्याची पोती भरून तेच. एकच घोडा न्यायचा असेल तर अमेरिकेत तो डाव्या खणात, कारण रस्ता कडेला उतरता असतो आणि वजन मधल्या बाजूला हवं. आपल्याकडे किंवा इंग्लंडात उजव्या. चढवताना आधी मागचा दांडा लावून मग दोर बांधायचा, उतरवताना आधी दोर सोडून मग दांडा काढायचा. हा क्रम उलटा झाला तर बांधलेला घोडा मागे झेप घेतो आणि स्वतःला व माणसाला जखमी करतो.

फळ्या, ब्रेक, टायर, बेअरिंग, तारा हे सगळं खराब असलं तरी ट्रेलर घेण्यासारखा असू शकतो. त्या सुट्या वस्तू आहेत, किमतीतून वजा करून घ्या. पण चौकटीचे लांबीचे मुख्य चॅनल किंवा कपलरमागचा दांडा हातोडीखाली भद्द वाजला, तर तो ट्रेलर फुकट दिला तरी घेऊ नका.